गेम चालू झाला की रुपाली येणार

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. सकाळ.

आजपासून गेमचं काम हातात घेतलं. लिहून ठेवतोय, कारण मी नागापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि आमच्याकडे नोंद नसेल तर काम झालं असं धरत नाहीत.

परिस्थिती अशी. पाडव्याच्या संध्याकाळी मी आणि रुपाली गाड्यांची रेस खेळत होतो. कन्सोल मध्येच बंद पडला. लाईट नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी रुपाली भाऊबीजेला श्रीरामपूरला माहेरी गेली. अजून आली नाही. तिच्या आईचा गुडघा दुखतोय म्हणे.

खरं कारण मला माहीत आहे. संध्याकाळी इथं येऊन ती करणार काय? गेम बंद. गेम चालू झाला की येईल.

अंदाज: दोनेक तासांचं काम.

संध्याकाळ.

कव्हर निघालं नाही. स्क्रूची डोकी चांदणीच्या आकाराची आहेत. तसा ड्रायव्हर कंपनीत आहे, उद्या आणतो. बाकी तयारी पूर्ण. डायनिंग टेबल रिकामं केलं. त्यावरचं सामान पलंगावर ठेवलं. रुपालीची बाजू तशीही मोकळीच आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

कव्हर काढलं. आत धूळ, आणि पॉवर सप्लायच्या जाळीत एक मेलेलं झुरळ. आरोपी सापडला. फोटो काढून रुपालीला पाठवला. खाली लिहिलं, "हाच तो."

निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

नंतर लक्षात आलं, तिला झुरळाची किळस आहे. चूक माझी. ब्रशने सगळं स्वच्छ केलं आणि स्वच्छ झाल्याचा फोटो पाठवला. पुन्हा निळ्या टिका.

कव्हर लावलं. चालू झाला नाही. पण आतून इतका स्वच्छ तो विकत घेतला तेव्हाही नसेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

संध्याकाळी रुपालीला फोन केला. तिच्या भावाने, गोरक्षनाथने उचलला. म्हणाला, "दाजी, ताई झोपलीय." सात वाजता झोपली म्हणजे आईचं करून दमत असणार. मी विचारलं, गुडघा कसा आहे? तो म्हणाला, "कुणाचा?" त्यांच्या रस्त्यावरून सध्या उसाच्या ट्रॉल्या जातात, नीट ऐकू येत नाही.

कंपनीत छगनने विचारलं, वहिनी कधी येणार? म्हटलं, याच आठवड्यात. तो म्हणाला, गेम गावात दुकानात दे, उगाच उघडून बसू नको. छगन चांगला माणूस आहे पण त्याला कळत नाही. आपल्या घरची वस्तू आपण नीट करायची.

फेब्रुवारीत बाळ गेलं तेव्हाही मीच घर सावरलं. चौथा महिना होता. रुपालीला दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी वॉशिंग मशीन उघडायला घेतलं आणि दुरुस्त केलं. तिला कपडे धुवायला लागू नयेत म्हणून. त्यानंतर ती फार बोलायची नाही. पण संध्याकाळी गेम लावला की शेजारी येऊन बसायची आणि रात्रीच्या जेवणापर्यंत खेळायची. म्हणजे औषध कशाचं लागू पडलं ते उघड आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर.

मोठी प्रगती. मल्टीमीटर लावला. पॉवर सप्लायमधला फ्यूज उडालाय. म्हणजे झुरळाने जाता जाता फ्यूजही नेला.

आज दुकानं बंद. म्हणून तात्पुरती तार जोडली. फ्यूज म्हणजे तरी काय, तारच. बटण दाबलं. टिक असा आवाज आला आणि निळा लाईट लागला. मी उभाच राहिलो. "रुपाली" अशी हाकसुद्धा मारली, सवयीने.

मग जळका वास. मग घरातली सगळी वीज गेली.

तरी काम नव्वद टक्के झालं असं म्हणायला हरकत नाही. नवा पॉवर सप्लाय मागवला.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

रुपालीचा मेसेज आला. "गोरख येतोय. कपाटातले स्वेटर त्याच्याजवळ द्या." श्रीरामपूरला थंडी पडली असणार. फक्त स्वेटर मागितले, याचा अर्थ मुक्काम थोडाच.

गोरक्षनाथ टेम्पो घेऊन आला. स्वेटर घेतले. साड्याही घेतल्या. मग शिलाई मशीन उचललं. आईचं काही शिवायचं असेल. मी एका बाजूने धरलं. जिन्यात ते माझ्या पायावर टेकलं, तो म्हणाला, "लागलं का दाजी?" मी म्हटलं, नाही.

चहा केला. डायनिंग टेबलावर उघडा कन्सोल होता. तो त्याच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "दाजी, हे ऱ्हाऊ द्या आता."

त्याला वाटलं, जमणार नाही. मी त्याला पॉवर सप्लायचं काम समजावून सांगितलं. आत येणारी वीज, बाहेर जाणारी वीज, सगळं. त्याचा चहा गार झाला. जाताना तो पाया पडला. एरवी सणालाच पडतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

चालू झाला.

नवा पॉवर सप्लाय बसवला, तारा लावल्या, टीव्हीवर चित्र आलं. रेसचा रस्ता, गाड्या, सगळं जागेवर. तासभर चालवून बघितला. गरम होत नाही. टेबलावर दोन स्क्रू उरलेत, ते महत्त्वाचे नसावेत.

रुपालीला फोन केला. उचलला नाही. बरंच झालं. सांगून काय, दाखवायलाच पाहिजे. उद्या कन्सोल घेऊन श्रीरामपूरला जातो. परतीच्या बसमध्ये दोघांना जागा मिळेल अशी वेळ बघून ठेवली.

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळ. आज रजा टाकली.

कालचं लिहितो.

तारकपूर स्टँडवरून बस मिळाली. कन्सोल टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. राहुरीपासून पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रांगत गेली.

सासूबाई बाहेरच्या नळावरून कळशी भरून पायऱ्या चढत होत्या. गुडघा बरा दिसला. म्हणाल्या, "या जावईबापू, बसा. मी तिला काय बी शिकवलेलं न्हाई बरं का. तिचं तीच बोलंल."

रुपाली बाहेर आली. बारीक झालीय. मी आधी कन्सोल त्यांच्या टीव्हीला जोडला. चालू झाला, पहिल्याच फटक्यात. मी तिच्याकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत होती. मी दुसरा कंट्रोलर तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि सतरंजीवर ठेवला.

म्हणाली, "अहो, मला हा गेम कधीच आवडत नव्हता."

मी म्हटलं, तू तर रोज खेळायचीस.

"मी शेजारी बसायचे. वाटायचं, आज गेम बंद केल्यावर हे काहीतरी विचारतील. बाळाचं. माझं. कशाचंही. तुम्ही कुठल्या वळणावर ब्रेक मारायचा ते सांगायचात."



"पाडव्याला तो आपोआप बंद पडला ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी बोलतील. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठलात."

मी म्हटलं, तुझ्यासाठीच उठलो. वॉशिंग मशीनही तुझ्यासाठीच.

ती म्हणाली, "माहीत आहे. त्या दिवशी मी मशीनचे पार्ट ओलांडत पलंगापर्यंत गेले. तुम्ही म्हणालात, जपून, स्क्रू हरवतील."

मला आठवत नाही. म्हणालो असेन. बारीक स्क्रू होते.

मग तिने सांगितलं की ती परत येणार नाही. इथंच ब्लाउज शिवायचं काम सुरू केलंय. आवाज चढवला नाही. मी विचारलं, कधीपर्यंत? तिने सतरंजीवरचा कंट्रोलर उचलून टीव्हीजवळ ठेवला. आत स्वयंपाकघरात सासूबाई रडत होत्या.

रुपाली मला स्टँडवर सोडायला आली. स्टँडवर येताना वाटेत तिच्याशी बोलायचं असं मी ठरवलं होतं. पण रस्ताभर डोक्यात कन्सोलच येत होता. बस लागली तेव्हा विचारलं, "त्या दिवशी दवाखान्यात खूप दुखलं का गं?"

कंडक्टर दोनदा ओरडला.

ती म्हणाली, "हो. खूप."

मग मला चढायला जागा व्हावी म्हणून बाजूला झाली. खिडकीतून बघितलं तर ती पदराने तोंड पुसत उभी होती. कन्सोल त्यांच्याच घरी राहिला. राहुरी आल्यावर लक्षात आलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.

कंपनीत गेलो. छगनने विचारलं, काय, वहिनी आल्या का?

मी म्हणालो, नाही येणार.

कॉम्प्रेसर चालू होता. त्याला ऐकू गेलं नाही. तो कान पुढे करून जवळ आला, आणि मला परत सांगावं लागलं.