नावापुढचं ‘डॉ.’

प्रिय आप्पा,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, खरं सांगतो. पण काल दुपारी जे झालं ते तुम्हाला सुनावल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शेजारचे बबनकाका त्यांच्या आईला घेऊन आपल्या दारात आले. म्हातारी घामाने निथळत होती, छातीत कळा. “डॉक्टर, बघा लवकर! घोडेगावच्या दवाखान्यात न्यायचं व्हतं, पण तुमी सुट्टीला आलाय म्हणून थांबलो.” मी बाहेर गेलो होतो, तर माझी वाट बघण्यात त्यांनी अर्धा तास घालवला होता! मी ओरडलो, “काका, मी डॉक्टर न्हाई, नर्स हाय! गाडी काढा!” मीच फसवल्यासारखे काका माझ्याकडे बघत राहिले. म्हातारी वाचली. नसती वाचली तर?

कुणी फसवलं हो त्यांना? नर्सिंगला माझा नंबर लागला तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र शिनोलीभर पेढे वाटलेत, पोरगा डॉक्टर होणार म्हणून! माझ्या लग्नपत्रिकेत नावापुढे ‘डॉ.’ छापून आणलंत. मी भांडलो तर म्हणालात, “गप रं. पोरगा बायकांचं काम करतो म्हणून सांगू व्हय?”

तुमच्या दशक्रियेलाही भाषणं झाली ती डॉक्टर मुलगा घडवणाऱ्या बापाचीच. घाटावर माईक माझ्या हातात आला आणि मी नुसते आभार मानून खाली बसलो. त्याचा राग माझा मलाच येतो.

पण सगळ्यात जास्त राग कशाचा आहे, ऐकायचंय? शेवटचे वीस दिवस तुम्ही माझ्याच वॉर्डात होता. मी तुमचं अंग पुसलं, दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. हे शिकायला मला चार वर्षं लागली, आप्पा! आणि माझ्या हातात तुमचं लघवीचं भांडं असताना जुन्नरचे पाहुणे आले, तशी तुम्ही कुजबुजलात, “ते भांडं ठेव खाली. जरा डॉक्टरासारखा उभा ऱ्हा.” मी ठेवलं. उभाही राहिलो.

मी जसा आहे तसा तुम्हाला कधी आवडलोच नाही का हो?

उद्या सकाळी देवळातल्या स्पीकरवरून मी गावाला सांगणार आहे की मी नर्स आहे. छातीत दुखलं तर माझं दार वाजवू नका, थेट दवाखाना गाठा. हसणारे हसतील, बबनकाका चार दिवस बोलणार नाहीत, आई तर रडेलच. तरी सांगणार. आयुष्यभर तुमचा शब्द खाली पडू दिला नाही, हा एक पाडतो. वचन देतो, आप्पा, यापुढे तुमच्यासाठीसुद्धा खोटं बोलणार नाही.

तुमचा मुलगा,
संतोष
नर्स