ताप उतरला

प्रिय डोनातास,

तुझा भाऊ अल्गिस काल इस्पितळात आईंनाच ओळखेना. कौनासचे डॉक्टर म्हणाले, त्याच्या मेंदूत दोन विषाणू एकदम शिरलेत. एकावर औषध आहे, दुसऱ्यावर नाही. तो दुसरा आपल्या शेळीच्या कच्च्या दुधातून आला.

"धारोष्ण दुधानं कधी कुणाला काही झालंय का गं?" आई माझ्यावरच डाफरल्या.

अल्गिसलाही आधी साधाच ताप होता. तो उतरला, गडी हसत गवत कापायला गेला आणि आठवड्यानं कोसळला.

तेच दूध आपली लेक स्कैस्ते प्यायली होती. तिचा ताप आज सकाळी उतरला. आई आनंदानं नातीच्या धिरड्यांसाठी बटाटे किसायला बसल्यात, पोर हसतेय आणि मी घटकाघटकाला तिचं कपाळ चाचपतेय.

हे तुला पाठवणार नाही. तू तिकडे नॉर्वेत निवांत झोप. फोनवर एवढंच सांगेन, ताप उतरला.

तुझीच,
औष्रा