अवदचं सिमेंट, माझी भिंत

७ रजब

फोडलं! शेवटी आज फोडलंच.

रस्त्याकडच्या भिंतीचं सिमेंट. हे होते तेव्हा दीर अवदने थापलेलं — आमच्या घरालाही आणि शेजारच्या त्याच्या घरालाही. अख्खं शिबाम गाव मातीच्या भिंती चुन्याने राखत आलं, पण अवद पडला ठेकेदार. त्याला 'कायमचा बंदोबस्त' हवा होता. हे धाकट्या भावापुढे काही बोलले नाहीत. मीही नाही.

पहिला घाव टणकन वाजला. दुसऱ्याला दाराएवढा पोपडा खाली आला. आणि मागे? भिंत कसली, चिखल! कच्च्या विटा चहात बुडवलेल्या पावासारख्या. बोट घातलं तर पेरापर्यंत आत गेलं. इतक्या वर्षांची ओल सिमेंटमागे कोंडून बसलेली. बाहेर पडायला वाटच नाही बिचारीला.

रडू येईल वाटलं होतं. राग आला.

८ रजब

अवद आला. उंबऱ्यातूनच — "वहिनी, घर पाडायला निघालीस की काय?"

"पाडलंय तुझ्या सिमेंटने. मी वाचवतेय."

मग त्याच्या पोटातलं ओठावर आलं. ईद झाली की हे घर उतरवायचं, सिमेंटच्या ठोकळ्यांचं नवं बांधायचं आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायचं. सगळं ठरलंय म्हणे! कुणी ठरवलं? हे घर मला निकाहात मेहेर म्हणून मिळालंय. माझं आहे.

"पडक्या घराला कसला आलाय मालक?" जाताजाता म्हणाला.

पडू दे तर आधी!

११ रजब

खजुराच्या खोडांचे टेकू लावून घेतले. पण गवंडी एकही येईना. अवदने मशिदीबाहेर सांगून ठेवलंय — त्या भिंतीला हात लावणाऱ्याला माझ्याकडे पुन्हा काम नाही. गावातली निम्मी कामं त्याचीच. कोण येणार?

नका येऊ. माझ्या बापाने जन्मभर गिलावेच केले. त्याच्या परांचीखाली खेळून मोठी झालेय मी. हातांना आठवेल.

२२ रजब

भिंत वाळतेय. आज एवढंच.

३ शाबान

कुजलेल्या विटा एकेक करून काढल्या, नव्या बसवल्या. वर माती-भुश्शाचा लेप. बोटं सोलवटलीत, लेखणी धरवत नाही.

शैखा — अवदची बायको, माझी जाऊ — वरच्या खिडकीतून ओरडली, गल्लीभर ऐकू जाईल अशी : "अगं मुझना, परांचीवर चढलेली बाई कुणी पाहिलीय का? शेळ्या चढतात तिथे!"

"मग शेळी म्हण. शेळी घसरत नाही!"

खाली बायका फिस्सकन हसल्या. शैखाने खिडकी आपटली. दिवस बरा गेला.

९ शाबान

खोऱ्यातल्या चुनाभट्टीवर जाऊन आले. म्हातारा मुबारक भट्टीवाला माझ्याकडे बघेचना. "अवदचा निरोप आलाय मला," म्हणाला.

मी तशीच उभी. हलले नाही.

राख उकरत बसला. मग — "चुना मी भाजतो. अवद नाही भाजत. गाढव आणलंयस ना?"

१० शाबान

चुनकळी पाण्यात टाकली आणि खड्डा खदखदायला लागला. हाताला तिळाचं तेल चोपडलं होतं, तरी मनगट पोळलंच.

आता बडवायचा कुणी? बाबांच्या वेळी पुरुष रांगेने उभे राहायचे, काठ्या घेऊन, गाणी म्हणत. मी एकटी किती बडवणार! तेवढ्यात लसूणघासाच्या शेतातून बायका परतत होत्या, त्यांच्या त्या उंच गवती टोप्या घातलेल्या. थोराड सईदा थांबली. "हा चुना आहे की तुझा दीर?"

"दीरच समज!"

भारा टाकला, काठी उचलली. बाकीच्याही आल्या. काय बडवला! लोण्यासारखा झाला चुना. गाणं अवदवर रचलं — इथे लिहिण्यासारखं नाही.

१५ शाबान

परांचीवरून चुना चढवत होते. अवद चार माणसं घेऊन आला. "खाली उतर. घराण्याची अब्रू वेशीला टांगलीस!"

"हात भरलेत. झालं की उतरते."

त्याने शिडीच उचलली! खांद्यावर टाकून चालता झाला. माणसं हसली. पण काम सोडता येत नव्हतं — ताजा चुना उन्हाने तडकतो. गुळगुळीत दगडाने घोटत राहिले. तहानेने जीभ टाळूला चिकटली. सईदाने मुशी माशाचं सुकं आणि भाकरी फडक्यात बांधून वर फेकली, पाण्याची कातडी पिशवी दोराने चढवली. "ये खाली, दुसरी शिडी आणते," म्हणाली. मी म्हटलं, कडेपर्यंत झाल्याशिवाय नाही.

झालं. तेव्हाच उतरले, सईदाच्या शिडीवरून.

शैखा खिडकीत होती. आज टोमणा नाही. भिंतीकडे बघत होती, कडेवर तिचं खोकणारं पोर. खालच्या खोलीत, त्याच सिमेंटच्या भिंतीशी झोपवते त्याला.

१६ शाबान

ओली पोती भिंतीवर. दिवसभर पाणी शिंपडतेय.

४ रमजान

पोती काढली. पांढरी शुभ्र! आतून तळहात टेकवला — कोरडी. गार. गाल टेकवला. कुणी पाहिलं असतं तर खुळी म्हटलं असतं. म्हणोत.

अवद इफ्तारचं बोलावणं द्यायला आला नाही. दरवर्षी येतो. मी माझ्याच घरात, माझ्याच भिंतीला पाठ लावून खजूर खाल्ला.

११ शव्वाल

सकाळी घाव ऐकू आले. वाटलं, अवदने माणसं लावली माझ्या भिंतीला! धावत बाहेर आले. अवद तर कालच मुकल्ल्याला गेलाय.

त्याच्या घराची भिंत. शैखा! अबाया वर खोचलेली, हातात पहार, पायाशी सिमेंटचा ढीग.

"बघत काय उभी राहिलीस? शिडी धर."