बाराव्या खिडकीसाठी एक घमेले जास्त

मी, शेषराव आनंदा खिल्लारे, वय एकोणपन्नास, धंदा सिमेंटच्या जाळ्या करणे, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, आज सकाळी त्रिशरण म्हणून, चहा घेऊन, माझ्याच शेडमध्ये बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप. परवा हैदराबादला ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले ऐंशी नीट घरी जातात. जन्मभर मापाचे काम केल्यामुळे मला उरलेले वीसही स्पष्ट दिसतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घाई मात्र आहे. तिचे कारण चौथ्या कलमात येईल.

१. राहते घर पत्नी ज्योती हिचे. मागची खोली माझी आई जनकाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहावी. त्या दारासमोर साचे ठेवू नयेत. आई तिथे दोनदा अडखळली आणि दोन्ही वेळा मी तिलाच बोललो.

२. सव्वा एकर रान मुलगा धम्मानंद याचे. पोस्टातली ठेव ज्योतीची.

३. सत्तेचाळीस लोखंडी साचे, थाप्या आणि माझी आलेखाची वही धम्मानंदला. त्याची रेघ माझ्यापेक्षा सरळ येते, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. इथे म्हणतो.

४. विहाराची बारावी खिडकी. ही माझी मालमत्ता नाही, पण जीव तिच्यातच अडकला आहे.

आपला जिल्हा परभणी होता तेव्हा, १९९४ साली, मी विहारात नेम केला. दरवर्षी एक खिडकी, बारा वर्षांत बारा, एकीसारखी दुसरी नाही, मजुरी नाही. अकरा बसल्या. बारावी गेल्या वर्षी बसायला हवी होती. मी सात नकाशे काढले. सातही बरोबर आहेत आणि सातही मेलेले आहेत.

असे का झाले, ते मला ठाऊक आहे. वसमतच्या ज्या उस्तादांकडे मी शिकलो, ते सांगत, "शेषराव, आजचा उरलेला माल उद्याला चालत न्हाई. त्याचं काय बी करा, पण हिशोब करू नका." म्हणून संध्याकाळी घमेल्यात उरलेल्या सिमेंटचे मी आणि ज्योती काहीबाही करायचो. चिमण्यांच्या पाण्याची ताटली, कासव, वाकडे फूल. पहिल्या तीन खिडक्या त्याच खेळातून सुचल्या.

चौथ्या वर्षी मला नेमाची धास्ती बसली. मी माल मोजून कालवायला लावला. सहा जाळ्यांचा म्हणजे सहाच जाळ्यांचा. उरणे बंद झाले. ज्योतीने केलेले कासव-फुलांचे नमुने कोपऱ्यात पडून होते. ते फोडून मी या शेडच्या कोब्याखाली भर म्हणून घातले. ती घरात होती. बाहेर आली, पाहिले आणि पाणी आणायला गेली. त्यावर आमचे आजवर बोलणे झालेले नाही.

नेम वाईट नव्हता. नुसत्या खेळाने एकही खिडकी भिंतीत बसली नसती. पण आई परवा विहारातून येऊन म्हणाली, "पहिल्या तीन खिडक्यांशी बसलं की बरं वाटतं, शेषा. बाकीच्या बराबर हायत, पण माझ्याकडं बघतच न्हाईत."

तेरा मे रोजी बुद्ध पौर्णिमा आहे. भन्तेजी येणार आहेत. विहार कमिटीचे किसनराव मला रस्त्यात गाठून म्हणाले, "त्या भोकाला पोतं टांगायचं का, शेषराव?" त्यांनी आणलेली लोखंडी ग्रिल भिंतीला टेकवून ठेवली आहे. किसनराव वाईट माणूस नाही. त्यांना फक्त रिकामी जागा सहन होत नाही. पंचवीस एप्रिलच्या आत माल ओतला, तरच पाणी मारून जाळी पौर्णिमेपर्यंत पक्की होईल.

मागच्या महिन्यापासून मला घमेले उचलवत नाही. आता सगळा माल ज्योतीच कालवते. एके दिवशी एक घमेले जास्त निघाले.

मी म्हणालो, "काहून जास्त केला?"

"अंदाज चुकला."

"वीस वर्षांत तुझा अंदाज चुकला न्हाई."

"मग आता चुकू द्या की. तुमची परवानगी लागती का त्याला?"

तिने ओल्या वाळूवर वाट्या, पेले, तांब्या पालथे मांडले, भोवती माल ओतला आणि तो जरा धरताच भांडी उचलली. दुसऱ्या दिवशी तिने ती जाळी उन्हात उभी केली. जमिनीवर जे ऊन पडले, ते मी दुपारपर्यंत बघत बसलो. धम्मानंद म्हणाला, "आई, ही जाळी हाय का भांड्याची मांडणी?" तेव्हापासून मायलेक बोलत नाहीत. त्याने माझ्या सातव्या नकाशाचा साचाही जोडून ठेवला आहे. माझा शब्द राखतो आहे, त्याचा दोष नाही.

म्हणून लिहितो. सातही नकाशे रद्द. चौकट आणि सळया धम्मानंदने कराव्यात, वहीतल्या मापाने, सुताइतकाही फरक नको. चौकटीच्या आत काय यायचे ते ज्योती ठरवील. तिला आधी कोणी विचारू नये. कायद्याने हा कागद माझ्यानंतर लागू होतो, पण खिडकीपुरता तो आजपासूनच माझा शब्द धरावा.

५. शेड ज्योतीची, कोब्यासकट. तिला वाटले तर तिने कोबा फोडावा. कासव पूर्वेच्या कोपऱ्यात आहे. ते मी सगळ्यात शेवटी टाकले होते, म्हणून लक्षात आहे.

६. वाळूवाल्या भीमसिंगने एकदा मातीमिश्रित वाळू टाकली होती. त्याला माफ केले आहे. साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी त्याने हे कलम वाचावे.

७. माझ्यामागे मोठा कार्यक्रम नको. वंदना पुरे. मात्र शेड चालू राहील तोवर रोज माल कालवताना एक घमेले जास्त कालवावे.

वरील सर्व मजकूर मी घरच्यांना आणि साक्षीदारांना वाचून दाखवला. आई झोपली होती. भीमसिंग म्हणाला, "ती वाळू माझी नव्हतीच." धम्मानंदने खाली कोब्याकडे पाहिले. मग म्हणाला, "बाबा, एक घमेलं म्हणजे भरून का सपाट? मापात सांगा." मी काही बोलण्याआधी ज्योती त्याला म्हणाली, "चल, दावते." दोघे बाहेर गेले. वाळू चाळल्याचा आवाज इथे ऐकू येत आहे.

माप मी लिहिलेले नाही. ते राहून गेले असे कोणी समजू नये.

सही : शेषराव आनंदा खिल्लारे

साक्षीदार :
१. भीमसिंग थावरा राठोड (वाळूबाबत तक्रार कायम ठेवून)
२. गुलाबचंद रूपसिंग जाधव

ठिकाण : डोंगरकडा, जाळीची शेड
दिनांक : १८ एप्रिल २००६