पाचवा दिवा

प्रिय खटपट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तो तू इथे होतास तेव्हाही कुरकुरतच होता. खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा रविवारचा फोन म्हणजे काय प्रकार असतो ते तुला ठाऊक आहे. आई जेवलास का म्हणून विचारते, मी मागून ओरडून काहीतरी सांगते, आणि बाबांना नेमकं त्याच वेळी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायचं सुचतं. इतकं पाणी घालतात की दोन झाडं मुळासकट कुजली. तेव्हा म्हटलं, बसून सविस्तर लिहावं. शिवाय मला कुणाजवळ तरी भडाभडा बोलायचंय, आणि या विषयातलं कळणारा घरात तू एकटाच.

तर बातमी अशी, की आपल्या नकाशांच्या ऑफिसात संगणक जोडणाऱ्या तारा आल्या. हो हो, आपल्याच. ज्या तारांच्या नावाने एवढं रामायण झालं, त्याच.

तू काही विसरला नसशील, तरी लिहिते, कारण मला ते रोज आठवतं. जुन्या फ्लॉपीवरचा नकाशा चुकून कंत्राटदाराकडे गेला आणि त्या बंगल्यात जिन्याच्या तोंडाशीच खांब उभा राहिला. तू म्हणालास, सगळे संगणक तारेने जोडलेले असते, एकच नकाशा सगळ्यांना दिसला असता, तर हे घडलंच नसतं. बाबा म्हणाले, नकाशा हातातून हातात गेला की चार जणांच्या नजरेखालून जातो, तारेतून गेला की कुणाच्याच नाही. तुझं बरोबर होतं आणि त्यांचंही फारसं चुकत नव्हतं, पण दोघांनाही आधी समोरच्याने मान खाली घातलेली हवी होती. मग तू आपला संगणक उचललास आणि त्या मोठ्या कंपनीत गेलास, जिथे म्हणे तारा छतातून जातात आणि कुणाला दिसतसुद्धा नाहीत. तुझं टेबल मात्र होतं तिथेच राहिलं, मधल्या बोळात, मागच्या खोलीच्या दाराला लागून. त्यावर आम्ही कुणी काही ठेवत नाही. ठेवलं की बाबा येऊन न बोलता उचलतात.

तू गेल्यावर त्यांनी 'खटपट्या' हा शब्दच टाकून दिला. स्वतःच ठेवलेलं नाव, तू घड्याळ उघडून बसला होतास तेव्हाचं, पण आता तू फक्त 'तो'. 'त्याचा फोन आला होता का,' एवढंच. तेही आईला, मला नाही.

आणि मग एका सकाळी मी ऑफिसात आले तर टेलिफोनची कामं करणारा वायरमन शिडीवर चढलेला, आणि बाबा खाली उभे राहून भिंतीला भोक कुठे पाडायचं ते पेन्सिलीने दाखवतायत. मला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. मी कपाळावर हात मारला. अरे, हेच करायचं होतं तर तो इथे असताना केलं असतं, तर काय बिघडलं असतं? हे मी मनातच म्हटलं. मोठ्याने म्हटलं असतं तर वायरमन शिडीवरून उतरला असता आणि भिंतीला अर्धवट भोक राहिलं असतं.

त्या वायरमनचं नाव आम्ही 'होऊन जाईल' ठेवलंय, कारण काहीही विचारलं तरी तो हेच म्हणतो. त्याने दोन हब आणले. मोठा बाबांच्या समोरच्या भिंतीवर, त्यांना खुर्चीतून नीट दिसेल असा, आणि छोटा मागच्या खोलीत, तिथल्या संगणकांसाठी आणि छापायच्या यंत्रासाठी, दारामागच्या स्टुलावर. तुला काय सांगायचं म्हणा, पण मी तोवर हब कधी पाहिला नव्हता. सगळ्या तारा एकत्र जोडणारी चपटी डबी, पुढे ओळीने भोकं, आणि पलीकडचं यंत्र चालू असेल तर त्या त्या भोकाचा हिरवा दिवा लागतो. मोठ्या हबमध्ये पहिली तार बाबांची, दुसरी माझी, तिसरी काकांची. (आपले नकाशे काढणारे जुने काका अजून आहेत, अजूनही निवृत्त व्हायच्या गोष्टी करतात आणि अजूनही माझी पट्टी पळवतात.) चौथी तार मागच्या हबला. आणि पाचवी तुझ्या टेबलाला. 'होऊन जाईल'ने विचारलंसुद्धा, तिथे तर संगणक नाही, तार कशाला? बाबा म्हणाले, टेबल आहे ना. विषय संपला.

पहिले काही दिवस तर नुसता वैताग. मागच्या खोलीचा दिवा काही केल्या लागेना. तीन वेळा तार बदलली, तरी ढिम्म. शेवटी 'होऊन जाईल' कुठून तरी विचारून आला, की दोन हब एकमेकांना जोडायचे तर तारेच्या एका टोकाला रंगीत धाग्यांचा क्रम उलटा लावावा लागतो. नाहीतर दोघंही एकाच धाग्यावरून बोलत बसतात आणि ऐकत कुणीच नाही. मला हसूच आलं. म्हटलं, हे मला आधीच कळायला हवं होतं, माझ्या घरात तसे दोन आहेत. छोट्या हबला एका कडेला म्हणे एक वेगळं भोक असतं, त्यात साधी तारही चालते, पण ते आम्हाला नंतर कळलं. तोवर उलटी तार बसली होती, ती तशीच राहू दिली आणि ते कडेचं भोक रिकामं राहिलं. हे भोक लक्षात ठेव.

मग खरा छळ सुरू झाला. रोज सकाळी आम्ही कामाला बसावं, तर सगळं ठप्प. कुणाचा नकाशा उघडेना, छापायला पाठवलेला कागद निघेना, हबवरचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतायत आणि एक लाल दिवा सतत पेटलेला. दुपारी जेवून परत यावं, तर सगळं सुरळीत. मी 'होऊन जाईल'ला सकाळी फोन करायची, तो दुपारी यायचा, आणि चालू असलेलं यंत्र बघून माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की बाईंना हवा मानवत नाही वाटतं. एकदा म्हणाला सकाळी वीज कमी दाबाने येते, एकदा म्हणाला तारा गारठतात. काका म्हणाले, फ्लॉपी काय वाईट होती? बाबा आपले चष्मा पुसत भिंतीकडे बघत बसले.

मी हात टेकले नाहीत, हे तुला सांगायला हवं. पक्कड विकत आणली. तारेचं साल काढायचं, आठ धागे रंगाप्रमाणे लावायचे, कनेक्टरात सरकवायचे आणि कचकन दाबायचं, हे सगळं शिकले. रोज दुपारनंतर एकेक टोक कापून नवीन बसवलं. अंगठ्याला घट्टा पडलाय, आई त्याला तेल चोळते आणि तुझ्या नावाने बोटं मोडते, कारण तारांचं हे खूळ तिच्या मते मुळात तुझं. सगळी टोकं बदलून झाली, तरी सकाळ झाली की रड तीच. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचे नकाशे द्यायचे होते, तारीख डोक्यावर, आणि आम्ही पुन्हा खिशातून फ्लॉप्या काढून या टेबलावरून त्या टेबलावर पळतोय. आणखी एक खांब जिन्यासमोर उभा राहिला असता तर या ऑफिसला टाळंच लागलं असतं, आणि बाबांनी ते सहन केलं नसतं. चिडून चिडून मला घरात कुणाशी धड बोलता येईना.

शेवटी नकाशे द्यायच्या दिवशी मी लवकर निघाले. रोज कुलूप बाबाच उघडतात, त्यामुळे दार उघडंच होतं, पण त्यांच्या खुर्चीत कुणी नव्हतं. मागे गेले तर बाबा तुझ्या टेबलाशी जमिनीवर गुडघे टेकून बसलेले. गुडघे दुखतात म्हणून घरी पाटावर बसत नाहीत, तेच हे बाबा. हातात तुझ्या तारेचं मोकळं टोक. ते ओढून दारातून आत नेलं, आणि मागच्या खोलीतल्या छोट्या हबच्या त्या कडेच्या भोकात बसवलं. मग भिंतीला धरून उठले, मला न बघताच पुढे आले, आणि आपल्या खुर्चीतून मोठ्या हबकडे बघितलं. पाचवा दिवा लागला होता.

तुला लगेच कळलं असेल काय झालं ते, मला एक क्षण लागला. मागच्या खोलीला एक तार आधीच होती, आता दुसरी झाली. एकीतून गेलेला निरोप दुसरीतून परत यायचा, पुन्हा जायचा, पुन्हा यायचा, आणि त्या गरगरण्यात बाकी कुणाचं काही पुढे सरकायचंच नाही. आणि दुपारी चालू का व्हायचं? तर झाडणाऱ्या मावशी जेवणाच्या सुट्टीत येतात, त्या तारेमुळे मागचं दार लागत नाही, म्हणून त्या ती उपसून टेबलावर गुंडाळून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा लावायचे. रोज. आणि मी इकडे अंगठे झिजवतेय!

माझा असा काही भडका उडाला म्हणून सांगू. तारीख, पक्कड, वीज, 'होऊन जाईल'चं ते बघणं, सगळं एकदम तोंडाशी आलं. मी म्हटलं, बाबा, हे तुम्ही काय करताय? त्यांना मी आल्याचं कळलंच नव्हतं. दचकले, पण ओशाळले नाहीत. एखाद्या साध्या दुरुस्तीबद्दल सांगावं तसं म्हणाले, "खटपट्याचा दिवा लागत नव्हता. सगळी भोकं लावून बघितली. या कडेच्याच भोकात लागतो."

खटपट्याचा. इतक्या महिन्यांनी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मी तिथेच जमिनीवर बसले. राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही, पण त्यांच्यावर काढता येईना आणि तू तर समोर नव्हतास.

मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. कागदावर दोन चौकोन काढले, दोन रेघा काढल्या. त्यांनी मन लावून ऐकलं, मान हलवली, माझ्या चौकोनाची वाकडी बाजू पट्टीने सरळ केली, आणि तार स्वतःच्या हाताने काढली. नकाशे वेळेत गेले. त्या दिवसापासून सगळं झकास चाललंय. फक्त बाबा काम करता करता मान वर करायचे, पाचव्या दिव्याकडे बघायचे, तो विझलेला असायचा, आणि पुन्हा मान खाली. मला ते बघवेना. अडगळीतून तो फुटक्या पडद्याचा संगणक काढला, तुझ्या टेबलावर ठेवला, तार जोडली आणि चालू करून दिला. त्यावर कुणी काम करत नाही, करताही येत नाही. दिवसभर नुसता घरघरतो आणि वीज खातो. पण दिवा लागतो. बाबांनी का ठेवलाय म्हणून विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बघ कसं घर आहे आपलं.

आता जे सांगण्यासाठी एवढा कागद खर्च केला ते. कामं वाढल्येत, म्हणून नकाशे काढायला एक नवी ड्राफ्ट्समन घेतलीय. हुशार आहे, हात भराभर चालतो, पण बसायला जागा नाही. बिचारी काकांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसते आणि काका तिला पट्टीची हद्द आखून देतात. मी बाबांना म्हटलं, हिला ते मधलं टेबल देऊ या, संगणकही नवा आणू, म्हणजे तुमचा पाचवा दिवा आपोआप लागेल. ते हबकडे बघून म्हणाले, "मग तो तिचा दिवा होईल. आधी त्याला विचार." मी म्हटलं, तुम्हीच लिहा की दोन ओळी. तर म्हणाले तूच लिही, तुझं अक्षर बरं आहे. ऐकलंस? ज्यांच्या अक्षरासाठी लोक नकाशे फ्रेम करून लावतात, ते म्हणतात माझं अक्षर बरं आहे. तेव्हा विचारते, ते टेबल देऊ का? येणार नसशील तर तसं सांग, आणि येणार असशील तरी सांग, पण मला नको, त्यांना सांग. रविवारी नको, रविवारी ते गच्चीवर असतात. ऑफिसात फोन कर, सकाळी, आमच्या कुणाच्याही आधी, तेव्हा फोन तेच उचलतात. मला विचारशील तर मला तू इथे हवा आहेस, त्या फुटक्या पडद्याच्या जागी, आणि हे मी यापुढे पुन्हा लिहिणार नाही.

वैतागलेली आणि तरीही तुझीच,
ताई