सायकल मागच्या डब्यात आहे

ता. २ मार्च

चि. खारूस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे आईला दे. तिला थेट दिलेले चालत नाहीत, वाटणीतले चालतात.

या तीन महिन्यांच्या भटकंतीचा खरा खर्च आज समुद्राकाठी बसून मांडला. दोन टायर, सतरा ठिगळं, एक दाढ, नाकाची तीनदा सोललेली कातडी, आणि ज्याला तुझी आई ‘बाबांची पेटी’ म्हणते तो पोटाचा घेर. एवढं घालवून पासष्टाव्या वर्षी घरच्या पायरीपासून पाण्याच्या कडेपर्यंत सायकलनं आलो. स्वस्तात पडलं म्हणायचं.

जाताना पायांनी, येताना आगगाडीनं, हे ठरलेलंच होतं. सात तारखेची गाडी आहे, सायकल सामानाच्या डब्यात टाकेन. आठला जंक्शनवर उतरून शिंपीदादाकडे दोन दिवस राहीन, मग घरची गाडी. पत्र त्याच्याच पत्त्यावर टाक.

दुकानाचं म्हणशील तर ते माझ्या कानावर चालतं, हे विसरू नकोस. रस्त्यापलीकडून शिलाई मशीन ऐकून मी सांगतो, कुठं दुखतंय ते. जिन्याखाली एक पेचकस घेऊन बसलो तेव्हा याखेरीज काही भांडवल नव्हतं. तुझे हात उत्तम, पण कान अजून कच्चे. तेव्हा दुकान तुझ्या नावे करायचं का, ते आल्यावर बघू. आणि दवाखान्यातलं चादरी शिवायचं जुनं मशीन आलंच, तर उघडू नकोस. झाकून ठेव.

लोभ आहेच, तो पंक्चर होऊ देऊ नकोस.
बाबा

ता. ५ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघी मजेत. आईनं निम्मे आशीर्वाद घेतले आणि विचारलं की बाकीच्या निम्म्याचं काय करणार आहेस.

ते मशीन तुमचं पत्र यायच्या आधीच आलं. टाके गाळतंय. सांगितलंत तसं झाकून ठेवलंय. परिचारिकाबाई रोज दारात उभ्या राहतात. आज म्हणाल्या की चादरी नसतील तर हे मशीनवरचं फडकं तरी द्या, एक पेशंट त्यात मावेल.

आता मुख्य. कपड्यांच्या कारखान्यातून मला पत्र आलंय. त्यांचा दुरुस्ती विभाग सांभाळायचा. राहायला खोली आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. गाव मात्र दुसरं. अठरा तारखेच्या आत त्यांना हो किंवा नाही कळवायचंय. दुकान माझं होणार असेल तर मी नाही कळवते. होणार नसेल तर जाते. ‘बघू’ हे उत्तर मी विसाव्या वर्षापासून ऐकतेय आणि गेल्या महिन्यात मला चौतीस पूर्ण झाली.

हे रागानं लिहीत नाही. शटर उचलताना तुमचा हात पडतो तिथला रंग उडालाय ना, माझाही हात आता न बघता तिथंच पडतो. एवढंच.

कळावे, आणि लवकर कळवावे. रागावलात तरी लोभ असू द्यावा.
तुमची खारू

ता. ९ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद, या वेळी सगळे तुलाच.

तुझं पत्र इथं माझ्या आधी येऊन बसलं होतं. त्याचं उत्तर देतोच, पण आधी गाडीचं ऐक.

खिडकी मिळाली. मी आलो तो रस्ता रुळांना धरूनच जातो, त्यामुळे माझे तीन महिने शेवटाकडून उलगडत गेले. ज्या चढावर माझी अख्खी सकाळ गेली होती, तो गाडीनं एका जांभईत उरकला. ज्या विहिरीपाशी दोन दिवस तापानं पडून होतो ती दिसली, तेव्हा चहाचा कप ओठाला लागला होता. कप खाली ठेवेपर्यंत विहीर गेली. मग ऊन गुडघ्यांवर येऊन बसलं आणि माझा डोळा लागला.

लागला म्हणजे पुरता नाही. कारण रस्त्यावर मला मीच दिसलो. डोक्याला रुमाल बांधून समुद्राकडे निघालेला, अजून पोचायचा होता. मी हात केला. त्याचं लक्ष नव्हतं, तो कडेच्या पाण्यातले ढग बघत चालला होता. पुढं झाडाखाली दुसरा मी, ठिगळ लावत बसलेला. त्याच्याही पुढं एक, पुलाच्या कठड्यावर पाय सोडून. असे कितीतरी जण वाटेत सोडून मी एकटाच घरी निघालो होतो आणि त्यांच्यापैकी कुणालाच घाई नव्हती. मनाशी म्हटलं, असू दे, सायकल मागच्या डब्यात आहे, तिनं यांना सगळ्यांना पाहिलंय. तीही आता भिंतीला टेकून पेंगत असेल. अख्खा दिवस मी तिच्याशी असा बोलत होतो.

जंक्शनला मागचा डबा उघडला. ट्रंका निघाल्या, टोपल्या निघाल्या, एका पिंजऱ्यातून चार कोंबड्या निघाल्या. सायकल नाही!

फोनाफोनी झाली. सायकल समुद्राकाठच्या स्टेशनातच आहे, गोदामात, अगदी सुखरूप. तिला मी माझ्या नावाची चिठ्ठी बांधली होती. खिशात दुकानाच्या चिठ्ठ्यांचं पुडकं असतंच, चाळीस वर्षांची सवय, हातानं आपोआप बांधली. खाली काय छापलंय ते तुला पाठ आहे: ‘गिऱ्हाईक आल्याशिवाय हलवू नये.’ हमाल सरळमार्गी निघाला. वाचलं, पाळलं. त्याचं म्हणणं की गाडी सुटताना खिडकीशी येऊन त्यानं मला तीनदा ओरडून विचारलं, हे गिऱ्हाईक कोण? आणि मी म्हणे साधूसारखा हसत समोर बघत राहिलो. हे ऐकून शिंपीदादानं हसता हसता बोटात सुई टोचून घेतली.

सायकल पंधराला येईल. तिला मागं टाकून मी घरी येणार नाही. तुझ्या कारखान्याचं आल्यावर बघू.

लोभाला चिठ्ठी नाही, तो कधीही हलव.
बाबा

ता. ११ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची सायकल हलत नाही आणि तुम्हीही. चिठ्ठी दोघांना बांधलेली दिसते.

इथं मी तुमचं ऐकलं नाही. मशीन उघडलं. दोरा काढून वर्तमानपत्राच्या पट्टीवर नुसती सुई चालवली आणि ती पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. भोकं सगळी सारख्या अंतरावर. म्हणजे कापड नीट सरकतंय, दोष खाली आहे. सुईचा दोरा खाली पकडणारं शटल काढलं तर त्याचं टोक झिजलेलं. नवं बसवलं. मशीन दवाखान्यात परत गेलं आणि परिचारिकाबाई फडकं परत करून गेल्या. हो, त्यांनी खरंच नेलं होतं.

कान लावूनही पाहिला होता. मला काही ऐकू आलं नाही. आता एक विचारते. रस्त्यापलीकडून मशीनची कुरकुर ऐकणाऱ्या माणसाला खिडकीशी तीनदा ओरडलेलं ऐकू येत नाही? गेलं वर्षभर बघतेय, तुम्ही मशीनला कान लावत नाही, तळहात लावता. आईनं बोलू नकोस म्हणून सांगितलंय, म्हणून बोलत नाही, लिहितेय.

दुकान माझं की नाही? एवढंच लिहा. ‘बघू’ आलं तर कारखान्याला होकार जाईल.

लोभ वाढावा, उत्तर तेवढं छोटं असावं.
तुमची खारू

ता. १३ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद.

दुकान तुझं. कारखान्याला नकार आजच टाक, माझी वाट बघू नकोस.

काल दुपारभर शिंपीदादाच्या खोलीत पडून होतो. वाळत घातलेली कापडं उन्हात हलत होती. मशीन चालू होतं आणि मला ते लांबून जाणाऱ्या गाडीसारखं लागत होतं, जवळ येतच नव्हतं. उठलो, दोरा काढला, वर्तमानपत्राची पट्टी घातली. दादानं विचारलं, हे काय नवीन? मी म्हटलं, आमच्या दुकानाची पद्धत आहे. भोकं एकदम स्वच्छ दिसली. मला कशी सुचली नाही ही गोष्ट चाळीस वर्षांत, कोण जाणे.

पाटीवर काय लिहायचं ते तू ठरव. नव्या चिठ्ठ्या छाप आणि त्यावरचा मजकूरही तूच लिही. मी सकाळी येऊन बसत जाईन. बोलावलंस तर हात लावीन, नाहीतर रस्ता बघेन. आईला सगळं वाचून दाखव. तिला ठाऊक आहे, पण वाचून दाखव.

सायकल घेऊन सोळाला पोचतो. लोभ आहे तिथंच आहे, मालकीणबाई.
बाबा

ता. क. हमाल माझ्या डाव्या हाताला उभा होता. त्या कानानं मला दीड वर्षापासून काही ऐकू येत नाही.