पेटीचं पान

४ नोव्हेंबर
सुजाताचं पुस्तक आलं. आत फक्त ‘वृंदाला’ आणि सही. पहिलं पुस्तक, तेही पंचेचाळिशी उलटल्यावर. संगीतशिक्षक नसलेल्या खेड्यातल्या शाळेत पोरांना गाणं कसं शिकवायचं, यावर. देवगाव रंगारीच्या शाळेत वर्षानुवर्षं तेच करतेय ती. रविवारी वाचक मंडळात हेच पुस्तक आहे, ती स्वतः येणार.
कच्ची प्रत गेल्या उन्हाळ्यात मीच वाचली होती. पुन्हा वाचायची तशी गरज नाही. कव्हर छान झालंय.

८ नोव्हेंबर
दिवस माझ्याच लेखात गेला. संध्याकाळी घाईत अभिप्रायाची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर नाव नाही, सगळ्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, ज्यानं त्यानं दुसऱ्याची काढून वाचायची. पद्धत मीच पाडलेली. ओळखीपाळखीचं कौतुक नको म्हणून.
लिहिलं ते असं: पुस्तकाचा जीव एका पानात आहे. लेखिकेचे वडील जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी भाता फाटला. त्यांनी बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा खळीनं चिकटवला आणि गायले. गाणं पोरांपर्यंत कसं पोचतं, ते या पानावर कळतं.
मनापासून लिहिलं. इतक्या दिवसांनीही ते पान लक्षात आहे.

९ नोव्हेंबर
काय लिहू.
माझी चिठ्ठी देशमुखकाकांच्या हाती लागली. खणखणीत आवाजात वाचली. मग चष्मा वर करून पुस्तक चाळत बसले. “हे पेटीचं पान कुठंय पण? माझ्या पुस्तकात तर नाय.”
सगळेच शोधायला लागले. कुणीतरी म्हणालं, “बाइंडिंगवाल्यानं खाल्लं का काय!” हसले सगळे. मीही पानं उलटत राहिले. खोटं खोटं.
सुजाता म्हणाली, “नाही काका. ते छापलंच नाही.”
“मग यानं वाचलं कुठं?”
“असेल कुणी जुनी प्रत पाहिलेली. पुढची चिठ्ठी घ्या ना.”
जुनी प्रत मी एकटीनंच पाहिली होती. तिलाही ते माहीत, मलाही. तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. मला वाचवलं तिनं. चहाला न थांबता एसटी गाठायला गेली.

१० नोव्हेंबर
दोनदा फोन केला. उचलला नाही.
पुस्तक वाचायला घेतलं. आज, सगळं होऊन गेल्यावर.

१२ नोव्हेंबर
वाचून झालं. चांगलं आहे. कच्च्या प्रतीपेक्षा कितीतरी. पोरगं बेसूर झालं की गप्प करायचं नाही, त्याचा सूर कुठं जातोय ते आपण ऐकायचं, हे प्रकरण तर फार सुंदर. खिचडीच्या ताटल्यांवर ताल धरायचं वाचताना एकटीच हसले. पण मधे कुठंतरी पुस्तक कोरडं पडतं. पद्धत कळते, पण या बाईला हे सगळं करावंसं का वाटलं, ते कळत नाही. काहीतरी गाळल्यासारखं.
हा खरा अभिप्राय. चिठ्ठीवर हा हवा होता.
पण तिनं ते पान गाळलं का?

१३ नोव्हेंबर
माळ्यावरून कच्ची प्रत काढली. तिच्या हातची, निळ्या शाईतली; पक्की लिहून झाल्यावर तिनं माझ्याकडंच ठेवायला दिलेली. पेटीच्या पानावर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीची तिरकी रेघ. समासात माझं अक्षर.
‘शिक्षणाच्या पुस्तकात हे कशाला? काढ.’
अजिबात आठवत नव्हतं. पान आठवत होतं. रेघ नाही.
खोडरबर घेऊन बसले. पेन्सिल गेली. कागदात खळगा राहिला, बोटाला लागतो.

१६ नोव्हेंबर
सुजाताचा फोन. आपणहून. मी घाईघाईनं माफी मागायला लागले, तर “थांब गं वृंदे.”
रागावली नव्हती. रागावायला हवी होती.
“तू लिहिणारी बाई. तू काढ म्हणालीस, मी काढलं. मला कुठं कळतंय पुस्तकातलं?”
“असं नको ना बोलू.”
“खरंच सांगते. बाबांना अख्खं पुस्तक वाचून दाखवलं. रोज थोडं थोडं. त्यांना दिसत नाही आता. शेवटचं पान झालं तर म्हणाले, ‘माझी पेटी नाय आली व्हय?’ मीच सांगितलं होतं ना त्यांना, तुमच्यावर लिहिलंय म्हणून.”
वरून विमान गेलं. चिकलठाण्यात, विमानतळाशेजारी, बोलणं असंच तुटतं. एरवी वैतागते. आज बरं वाटलं.
मग ती म्हणाली, “ते पान आहे का तुझ्याकडं? माझ्याकडं नाही राहिलं.”
आहे म्हटलं.
“मग ये घेऊन. तूच वाचून दाखव त्यांना.”

२२ नोव्हेंबर
सकाळपासून ते पान मोठ्यानं वाचतेय. लुगड्यापाशी आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.
मी इतक्या जणांच्या पुस्तकांवर अभिप्राय दिले. किती पुस्तकं मी खरंच

२३ नोव्हेंबर
देवगाव. बाबा अंगणात उन्हात, बाजेवर. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. सुजातानं ओळख करून दिली तर हात चाचपडत माझ्या डोक्यावर ठेवला. “पुस्तकं लिहिती ती तूच व्हय? लई ऐकलंय तुजं. सुजी तुला इचारल्याबिगर एक ओळ लिहीत नाय.”
सुजाता चहा टाकायला आत गेली. मुद्दाम गेली असावी. पण वाचायला लागले तेव्हा दारात येऊन उभी राहिली.
वाचताना त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. भाता ओढल्यासारखी. लुगड्यापाशी हसले. “हिरवं व्हतं ते. हिरवं लिहिलंय का?”
लिहिलं होतं. पुढच्याच ओळीत.
वाचून झालं. बाबांची बोटं थांबली. मग खुशीत म्हणाले,
“म्हंजी आलीया की पेटी. मागल्या वाचण्यात सुटलं आसंल. कितव्या पानावर हाय गं पोरी?”
सुजातानं माझ्याकडं पाहिलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.
कागद माझ्या हातात होता. बोटाखाली ती रेघ.